गुरुसिद्धप्पांनी तपासलेला कुत्रा

जनावराला हात लावण्याआधी ते त्याच्याशी कानडीत बोलत. माणसांशी मराठीत.

वाकताना गळ्यातला शिवदोरा पाठीवर टाकत, म्हणजे लिंगाची डबी जनावराला लागत नसे.

हात धुतले की पुसत नसत. वाऱ्यावर धरून उभे राहत.

एसटीचं तिकीट टोपीच्या घडीत ठेवत. प्रवास संपला तरी ते तिथंच राही. त्यांच्या पत्नी लक्ष्मम्मा टोपी धुवायला घेत तेव्हा दोन-तीन तिकिटं निघत.

तारीख उर्दू आकड्यांत लिहीत. मग आठवण झाली की खाली मराठीत पुन्हा लिहीत.

भाकरी मधून मोडत, कडेपासून नाही.

कुणी काही विचारलं की आधी "बरं" म्हणत. तो होकार नसे. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ.

गुरुसिद्धप्पांना जाऊन आज तेरा दिवस झाले. मी त्यांच्या घरात भाड्यानं राहतो. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि भूमच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो, त्याला दोन वर्षं झाली. माझ्या दुप्पट वयाचा हा माणूस माझा मित्र होता. हे मला ते असताना कधी सुचलं नव्हतं.

भूमच्या गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जनावर पाडायचं, धरायचं, जखम धुवायची, डॉक्टरांच्या हातात हत्यार द्यायचं. नोकरी निजामाच्या काळात लागली. मग निजाम गेला, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. दवाखान्याची पाटी तीनदा रंगवली गेली. हे तिथंच राहिले.

गोऱ्हे खच्ची करण्यात त्यांचा हात बसलेला होता. जुने लोक गोऱ्हे दगडावर बडवून घेत. दवाखान्यात चिमटा आला तेव्हापासून ते काम यांच्याकडे. चिमटा दाबण्याआधी ते दोन बोटांनी आतली शीर चाचपत. ती सापडली की डोळे मिटत. डॉक्टर बदलून जात, नवे येत. लोक विचारत, गुरुसिद्धप्पा आहेत का.

गेल्या भाद्रपदात, बाजारच्या दिवशी, ईट गावचे ज्ञानोबा दवाखान्यात आले. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसत असे. त्या दिवशीही बसलो होतो. ज्ञानोबांबरोबर जनावर नव्हतं.

"डाक्टर, आमच्या वैनीचा कुत्रा हाय," ते म्हणाले. "म्हंजी कुत्रा हुता. आता कुत्री झालाय."

बैल घेऊन आलेली दोन-चार माणसं हसली.

"हसू नगा. सड सुटल्यात त्याला. गावातले समदे कुत्रे मागं लागत्यात. त्यो बिचारा चुलीम्होरं जाऊन बसतोय, बाहीर यायला तयार न्हाय. पिलं कवा देनार तेवढं सांगा, म्हंजी बारशाचं निवतं धाडतो."

डॉक्टर नवे होते, वर्षभरापूर्वी आलेले. ते हसले नाहीत.

"केस गेलेत का?"

"गेल्यात की. दोनी कुशीवरचं. न्हाव्यानं मापून काढल्यागत."

"खाजवतो?"

"न्हाय. नुसता पडून असतोय."

डॉक्टरांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पान शोधलं, वाचलं आणि मिटलं.

"खालच्या पिशवीत गोळ्या किती आहेत?"

"म्या काय मोजाया गेलतो व्हय?"

"मोजायला पाहिजेत. एकच असेल तर दुसरी पोटात राहिलीय. जन्मापासून. ती जागा तिची नव्हे, तिथं ऊब जास्त. पाच-सहा वर्षांनी तिची गाठ होते. ती गाठ मादीच्या अंगातला रस सोडते, म्हणून हे सड आणि हे मागं लागणं. बैलात आपल्याला हे दिसत नाही, कारण बैल आपण लहानपणीच खच्ची करतो. कुत्र्याला कोण हात लावतं?"

"मग?"

"पोट उघडून काढता येईल. पण आधी तपासू द्या."

ज्ञानोबांनी डोकं खाजवलं. "त्येच अवघड हाय. देवाचा कुत्रा हाय त्यो. त्याला तपासत नसत्यात." मग त्यांनी हौदाजवळ उभ्या असलेल्या गुरुसिद्धप्पांकडं बोट केलं. "ह्येंनीच तपासला हुता की, पिलू असताना. ह्येंनाच इचारा."

गुरुसिद्धप्पा म्हणाले, "बरं."

डॉक्टरांनी विचारलं, "दोन होत्या?"

ते हात वाऱ्यावर धरून उभे होते. "बघायला पाहिजे," म्हणाले आणि मागच्या गोठ्यात गेले.

त्या दिवशी आम्ही बरोबर घरी आलो. मारुतीच्या देवळापाशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, एकच होती."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं.

ईटच्या कस्तुराबाई ज्ञानोबांच्या थोरल्या भावजय. नवरा लवकर गेला. शेत मोठं. शेत आणि घर त्यांनीच सांभाळलं. त्यांच्या घराण्याचं दैवत अणदूरचा खंडोबा. घरातलं मोठं दुखणं टळलं की एक कुत्रा देवाच्या नावानं पाळायचा, अशी त्यांची रीत. सहा वर्षांपूर्वी मुलगा विषमज्वरातून उठला, तेव्हा त्यांनी हा नवस फेडला. त्या दिवशी पिलाची सगळ्यांसमोर पारख होते. दोन कान, शेपूट, नखं, दात, खालच्या दोन गोळ्या. अंगात खोट असलेलं पिलू देवाला चालत नाही. पारख करणारा मोठ्यानं म्हणतो, "खोट न्हाय." मग तळी उचलतात, पिलाच्या कपाळाला भंडारा लावतात, आणि माणसं जेवायला बसतात. तिथून पुढं त्या कुत्र्याची पारख कुणी करायची नाही. देवाला दिलेल्या वस्तूची पारख करत नाहीत.

त्या वर्षी पारख करायला कस्तुराबाईंनी गुरुसिद्धप्पांना बोलावलं.

"घोंगडी टाकून बसवलं मला," ते म्हणाले. "नारळ दिला. शंभर-सव्वाशे माणूस होतं. कान बघितले, दात बघितले. खाली हात घातला. एक लागली. दुसरी लागंना. जांघेत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. कुत्र्यात उशिरा उतरते असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हटलं, उतरंल. तोवर तिकडं पत्रावळ्या मांडल्या होत्या. ज्ञानोबा म्हणत होते, आटपा, भात गार होतोय. मी म्हणालो, खोट न्हाय."

"नंतर पाहिलं नाहीत?"

"कसं बघणार? देवाचा झाला ना."

मी म्हणालो, "मग आता सांगून टाका. त्यांनी हो म्हटलं की डॉक्टर कापतील."

मी तेवीस वर्षांचा आहे. तेव्हा मला ते एका वाक्याचं काम वाटलं.

त्या रविवारी आम्ही ईटला गेलो. मी पिशवी धरायला बरोबर जायचं, असं ठरलं होतं. पिशवीत काही नव्हतं.

कस्तुराबाई साठीच्या. उंच, हातांची हाडं मोठी. आम्हाला पाट दिला, पाणी दिलं. कुत्रा चुलीजवळ राखेत पडला होता. त्याचं नाव हळद्या. हळदीच्या रंगाचे केस मान आणि पायांवर राहिले होते. मधलं अंग उघडं होतं, कातडी काळी आणि पातळ. पोटाखाली सड लोंबत होते, व्यालेल्या कुत्रीसारखे. त्यानं डोकं उचलून गुरुसिद्धप्पांकडं पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. गुरुसिद्धप्पा त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलले.

चहा आला. बाईंनी घेतला नाही.

"मला न्हाय चालत," त्या म्हणाल्या. "रविवार, सोमवार आन बेस्तरवार, तीन दिस काय खात न्हाय म्या. देव कोपलाय. औंदा अणदूरला जायाचं चुकलं, पाय दुखत हुता म्हनून. तेवढंच कारन असंल. दुसरं काय सापडंना."

"किती दिवस झाले उपास धरून?"

"आषाढापासनं."

गुरुसिद्धप्पा म्हणाले, "बरं." मग त्यांनी बैलांची चौकशी केली. ज्वारीची केली. नव्या विहिरीला पाणी किती, ते विचारलं. ज्ञानोबा येऊन बसले आणि म्हणाले, "सरकारी दवाखाना पाव्हना आला व्हय. बाळंतिनीला बघितलं का?" बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, ते गप्प झाले. दुपारच्या गाडीनं आम्ही परत आलो.

गाडीत मी म्हणालो, "बोलला नाहीत."

"उपाशी होत्या," ते म्हणाले. "उपाशी माणसाला असलं सांगायचं कसं?"

दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी बाईंना विचारून कुत्र्याचा ओठ वर उचलला. तोंडाला हात लावायला हरकत नव्हती. हिरड्या पांढऱ्या होत्या. नाकाच्या कडेला रक्ताची वाळलेली रेघ होती. ते बराच वेळ ओठ तसाच धरून बसले.

"हा आजार आहे, बाई," ते म्हणाले. "देवाचा कोप नव्हे."

"आन आजार कुनी दिला?"

त्यांनी कुत्र्याचा ओठ सोडला. बाई म्हणाल्या, "दिस वाढवावं म्हनते म्या उपासाचं. पाच करावं. तीन दिसांनी देवाला काय वाटंना झालंय."

"असं करू नका."

"का बरं?"

इथं सांगता आलं असतं. मी त्यांच्याकडं पाहत होतो. त्यांचा हात शिवदोऱ्यावर गेला, दोरा त्यांनी पाठीवर टाकला, पण वाकायचं काही काम उरलं नव्हतं.

"वय झालंय तुमचं," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "पुढच्या रविवारीही त्या उपाशीच असतील." मला ते चिडून म्हणायचं नव्हतं. पण तसंच निघालं. भूमला ते उतरताना म्हणाले, "मास्तर, या तालुक्यात माझ्याकडं काय आहे? हात आहे. लोक हाताला विचारत येतात." मग थोडं चालून गेल्यावर, "डॉक्टर म्हणतात, हिरड्या पांढऱ्या असल्या तर दिवस कमी आहेत."

त्या आठवड्यात ते जेवले कमी. लक्ष्मम्मांनी मला विचारलं, दवाखान्यात काही झालं का. मी नाही म्हणालो.

तिसऱ्या रविवारी कस्तुराबाई अंगणात निंबाखाली बसल्या होत्या. कुत्रा त्यांच्या पायाशी. ज्ञानोबा सुतळी वळत होते. गुरुसिद्धप्पा पाटावर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"कस्तुराबाई, उपास सोडा. देव कोपला नाही. माझा हात चुकला."

"कवा?"

"तळीच्या दिवशी. एकच गोळी होती. दुसरी लागली नाही. मी खोट न्हाय म्हणालो. दुसरी पोटात राहिली, आता ती नासलीय. त्यानंच हे सगळं झालंय."

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग त्या दिशी म्हनला का न्हाय?"

"माणसं जेवायची थांबली होती."

"जेवायची थांबली हुती," बाई म्हणाल्या.

ज्ञानोबांनी सुतळी खाली टाकली. "आरं तुमच्या आयला. सा वरीस खोटीचा कुत्रा पूजला व्हय आमी? सव्वाशे मान्साम्होरं—"

"तुमी गप बसा, भावजी," बाई म्हणाल्या. "भात गार होतोय, भात गार होतोय, कोन कालवा करत हुतं? आन चौघांचं एकट्यानं खाल्लं कुनी?"

ज्ञानोबांनी सुतळी पुन्हा उचलली.

एक कोंबडी कुत्र्याच्या अंगावरून गेली, तो हलला नाही. मग बाईंनी विचारलं, "देवाला ठावं असंल का, त्या दिशी?"

"देवाला काय ठाऊक नसतं?"

"ठावं असून घेतला म्हना त्यानं."

गुरुसिद्धप्पांनी कुत्र्याकडं पाहिलं.

"देवाला दिल्याली वस्तू पुन्ना पारखू न्हाय," बाई सावकाश म्हणाल्या, शब्द तपासत असल्यासारख्या. "पन ह्याची पारख झालीच न्हवती. तुमी केलीच न्हाय ती. मंग आता पयल्यांदाच हुनार. त्यात काय अडचन हाय, भावजी?"

ज्ञानोबा म्हणाले, "म्या काय बामन हाय का?"

"मास्तर, तुमी बामन हाव. सांगा."

मी म्हणालो, मला या रीतीतलं काही कळत नाही. ते खरं होतं.

"कुनालाच कळत न्हाय तर मंग चालंल," बाई म्हणाल्या. "बघा. पन आता नीट बघा."

गुरुसिद्धप्पांनी हात धुतले. वाऱ्यावर धरले. शिवदोरा पाठीवर टाकला आणि गुडघ्यांवर बसले. आधी पिशवी चाचपली. मग जांघ, मग पोट. पोटावर त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी डोळे मिटले.

"पिशवीत एक आहे. आक्रसून वाटाण्याएवढी झालीय," ते म्हणाले, मोठ्यानं, पारख करणारा बोलतो तसं. "दुसरी पोटात आहे. पेरूएवढी. खोट आहे."

बाई उठल्या, आत गेल्या. शिळी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन उंबऱ्यावर बसल्या आणि आमच्यादेखत जेवल्या.

सोमवारी बैलगाडीतून कुत्रा भूमला आणला. गाडीत कडबा अंथरला होता आणि बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मंगळवारी डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन पोट उघडलं. गुरुसिद्धप्पांनी चारही पाय बांधले, पण हात त्यांच्यावर ठेवूनच उभे राहिले. मी दाराशी होतो. आत बघवलं नाही. नंतर डॉक्टरांनी मला पांढऱ्या ताटलीत ती गाठ दाखवली. पिवळसर, वरून गुळगुळीत, एका बाजूला फुगलेली. दुसऱ्या ताटलीत वाटाण्याएवढी ती उरलेली गोळी. डॉक्टर म्हणाले, काम नीट झालं. गाठ पसरलेली दिसली नाही. पण रक्त फार कमी झालंय. त्या रसानं हाडातलं रक्त तयार होणं बंद पडतं. दोन-तीन महिने आधी आला असता तर.

मी गुरुसिद्धप्पांकडं पाहिलं नाही. दोन-तीन महिने आधी कुणालाच काही माहीत नव्हतं. पण तीन आठवडे आधी होतं.

दवाखान्याच्या पडवीत कुत्रा आठ दिवस राहिला. बाई भूमला नात्यातल्या घरी राहिल्या आणि सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन येत. चौथ्या दिवशी तो उठून उभा राहिला. पाचव्या दिवशी बाजारातला एक कुत्रा कुंपणापाशी आला, यानं त्याच्यावर गुरगुरून दाखवलं. बाईंना फार आनंद झाला. "आला ठिकान्यावर," त्या म्हणाल्या. सातव्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. थांबलं नाही. नवव्या दिवशी सकाळी तो गेला.

ईटला शेताच्या बांधावर त्याला पुरलं. आम्ही गेलो होतो. भंडारा कोण लावणार, लावायचा का, असा प्रश्न निघाला. बाईंनी स्वतःच लावला आणि विषय संपवला.

निघताना त्यांनी गुरुसिद्धप्पांना थांबवलं.

"डाक्टर म्हनत हुते, ही खोट बापाकडनं पोराकडं जाती. खरं हाय का?"

"जाते. सगळ्यांत नाही. पण जाते."

"देवाचा कुत्रा म्हनून लोकांनी ह्याची पिलं मागून न्हेली माझ्याकडनं. गावातल्या कुत्र्यांना ह्याच्यापासनं झाल्याली. म्या हातानं दिली, भंडारा लावून. त्यातले कुत्रे किती आन कुठं, ते माझ्या ध्येनात हाय. सांगते. लिवून घ्या."

लिहायला मी होतो. बाईंनी बोटं मोडत सांगितलं. अकरा. कुणाकडे, कोणत्या गावात, रंग कसा. ईटमध्ये पाच, भूममध्ये दोन, एक वालवडला, एक पाथरूडला, दोन तेरखेड्याला.

"तुमी बघा त्येंना," बाई म्हणाल्या. "ज्येच्यात खोट असंल त्येचं आत्ताच काढून टाका. नासायच्या आत. आन काय झालं हुतं ते तुमच्याच तोंडानं सांगा. माझं नाव सांगितलं तर लोकं ऐकतील, पन सांगायचं तुमी."

गुरुसिद्धप्पा म्हणाले, "बरं." या वेळी तो होकार होता.

मग पाच महिने ते हे काम करत होते. दवाखान्यातून सुट्टी मिळेल तसं. रविवारी मी बरोबर जाई. पहिल्या घरी ते फार अडखळले. कुत्र्याचा मालक तेली होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तुमी माझं गोऱ्हं खच्ची केलं त्येबी बघावं लागंल का आता?" गुरुसिद्धप्पा म्हणाले, "बघा. आणा, मीच बघतो." तेली खरंच गोऱ्हं घेऊन आला. गोऱ्हं ठीक होतं.

पुढच्या घरी त्यांनी आधी सांगितलं, मग पाणी घेतलं. नंतर तेच ठरून गेलं. दारात उभं राहायचं, बोलून घ्यायचं, मग बसायचं. त्यांचं वाक्य हळूहळू लहान होत गेलं. शेवटी एवढंच राहिलं, "याच्या बापाची पारख मी केली होती. ती मी चुकवली. याला बघू द्या." काही ठिकाणी लोक हसले. एका ठिकाणी म्हाताऱ्यानं काठी उगारली, मग तीच काठी टेकवत कुत्रा धरायला आला. भूमच्या बाजारात पोरं त्यांना बघून कुत्र्यासारखी भुंकली. ते वळून म्हणाले, "दोन आहेत का रे तुला?" पोरं पळाली. मला वाटतं, त्या महिन्यांत ते आधीपेक्षा जास्त बोलत.

गोऱ्हे घेऊन येणारे लोक कमी झाले का, हे मी पाहत होतो. थोडे झाले. मग पुन्हा येऊ लागले.

आठ कुत्रे पाहून झाले. सहा ठीक होते. दोघांत एकेकच लागली. ईटच्या एकाचं डॉक्टरांनी काढलं, आता तो मळ्यात राखण करतो आहे. वालवडच्या मालकानं नकार दिला. कुत्र्याला खच्ची केलं तर भुंकणार नाही, असं तो म्हणाला. गुरुसिद्धप्पा त्याच्याकडं तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी हळद्याचं सगळं दुखणं त्याला दिवसागणिक सांगितलं, सडापासून हिरड्यांपर्यंत. तो म्हणाला, सुगी झाल्यावर आणतो.

प्रत्येक कुत्र्याला ते दोनदा तपासत. एकदा तपासून हात धुऊन बसत, पाणी पीत, आणि मग पुन्हा.

तेरा दिवसांपूर्वी बुधवार होता. त्यांनी दुपारनंतरची रजा घेतली होती. तेरखेड्याला जायचं होतं. याआधी एकदा ते जाऊन आले होते, पण फटाक्यांच्या कारखान्यामागं राहणारा कुत्रा त्यांना सापडला नव्हता. शोभेच्या दारूची चाचणी चालली होती आणि तो शिवारात पळाला होता. दुसऱ्याचा मालक परगावी गेला होता. या खेपेला मीही यावं, असं ते म्हणाले. मला वर्ग होता. मी म्हणालो, रविवारी जाऊ. ते म्हणाले, "रविवारी पाथरूड करू."

गाडी उशिरा आली. ते स्टँडवर बाकावर बसले होते. कंडक्टरनं त्यांना ओळखून हाक मारली. ते उठले नाहीत. तो खाली उतरून जवळ गेला. मला वर्गात निरोप आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होतो. तो धडा मी पुरा केला. का केला, ते मला सांगता येत नाही.

कस्तुराबाई आल्या होत्या. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे गुरुसिद्धप्पांना बसवून पुरलं. बाई दूर उभ्या राहिल्या. जाताना लक्ष्मम्मांशी काहीतरी बोलल्या. एकीला कानडी येत नाही, दुसरीला मराठी थोडी येते. दोघींचं बोलणं बराच वेळ चाललं.

काल लक्ष्मम्मांनी मला ती अकरा कुत्र्यांची वही आणून दिली. अक्षर माझं आहे. आठ नावांपुढं त्यांनी खूण केली आहे आणि उर्दू आकड्यांत तारीख घातली आहे, खाली मराठीत पुन्हा. तीन ओळी रिकाम्या आहेत. तेरखेडा, कारखान्यामागचा, तांबडा. तेरखेडा, महालिंगप्पांच्या घरचा, पांढऱ्या पायांचा. पाथरूड, विहिरीवरचा, काळा.